सात नंबरची बाटली

“मग तू असं कर, विद्यापीठाला तारच कर,” हुसेन म्हणाला. “आणि वर्तमानपत्रात जाहिरात दे. आमच्या हातून एका बाटलीतलं औषध बिघडलं आहे, तरी समस्त पुणेकरांनी नोंद घ्यावी.”

“औषध नाही ते. आणि बिघडलं नाही, बदललं,” बिलकिस म्हणाली. ती खाली बसून पपईच्या फोडी करत होती.

“बदललं. बरं. तुला कुणी विचारलं का, बदललं का म्हणून?”

“नाही.”

“कुणी तक्रार केली?”

“नाही.”

“मग कालपासून या घरात भांडण चाललंय ते नेमकं कुणाशी?”

बिलकिसनं पुढची फोड केली. पाहुणे आले की या घरात उर्दू बोलली जाई. भांडण मात्र मराठीत होई. हुसेनचं म्हणणं होतं, भांडायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही, आवाज न चढवता माणूस गार करता येतो. गंज पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तो तीस वर्षं असाच भांडत आला होता. त्याला दमा होता, त्यामुळे आवाज चढवणं तसंही परवडत नसे.

रमजानचा चौथा रोजा होता. गुरुवार, संध्याकाळचे पाच. रोजा सोडायला अजून दीडेक तास होता आणि बिलकिसच्या पाठीत सकाळपासून कळ येत होती. दाराशी उजेडात बसून नसीम, त्यांची एकुलती मुलगी, रविवारी घालायच्या दुपट्ट्याला जरीचा गोटा लावत होती. रविवारी तिची मंगनी होती, म्हणजे साखरपुडा. मुलगा बँकेत होता, सरळ होता, आणि मुलाचे वडील अकबरसाहेब बिलकिसच्याच कॉलेजात हेडक्लार्क होते. हे शेवटचं कलम आधी सोयीचं वाटलं होतं.

“अब्बा, तुम्ही बोलू नका, धाप लागेल,” नसीम वर न बघता म्हणाली. “अम्मीला करायचं तेच ती करते.”

टोमणा होता, पण तो खरा नव्हता. बिलकिसनं आयुष्यात स्वतःला करायचं असं फारसं काही केलंच नव्हतं. नोकरीसुद्धा तिनं निवडली नव्हती. अडुसष्ट साली हुसेनचं बुधवार पेठेतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नवं होतं आणि तिथं दुरुस्तीपेक्षा गप्पा जास्त चालत. कुणीतरी सांगितलं, कर्वेनगरकडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बाई हवी आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, तीस वर्षांची बिलकिस बुरखा घडी करून पिशवीत घालून मुलाखतीला गेली. “फुटकी बाटली हाताला लागली तर रडणार नाही ना?” एवढंच विचारलं तिला. ती नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लागली.

तेवीस वर्षं झाली. बाटल्या धुता धुता ती द्रावणं करायला शिकली. जीवरसायनाचा विभाग निघाला तेव्हा कुणी पदवीवाला टिकेना, म्हणून बिलकिसच लॅब असिस्टंट झाली. विभागप्रमुख सरोजिनीबाई तिला कागदावर नावं लिहून देत. पुस्तक इंग्रजी होतं. बिलकिस एकेक शब्द लावून वाचायची, आणि जे कळत नसे ते हातानं करून बघायची.

अमिनो आम्लं तिला माणसांपेक्षा लवकर कळली. वीस जणांचं धड एकच, फरक सगळा बाजूच्या शेपटीचा. ग्लायसीनला शेपूट जवळजवळ नाहीच. ल्यूसीनची शेपूट तेलकट, पाण्याशी फटकून वागणारी. ॲस्पार्टिक आम्लाची आंबट, लायसीनची त्याच्या बरोबर उलट. टायरोसीनच्या शेपटीला एक कडं असतं आणि त्यावर नायट्रिक आम्ल पडलं की ते पिवळं पडतं. हे तिला पुस्तकाआधी स्वतःच्या अंगठ्यानं शिकवलं होतं, कारण माणसाच्या कातडीतही तीच कडी असतात आणि पिवळा डाग पंधरा दिवस जात नाही. अमिनो आम्लाला रंग आणणाऱ्या निनहायड्रिननं तर तिची बोटं कायम जांभळी असत. लग्नकार्यात बायका विचारायच्या, “मेंदी बिघडली का?” ती म्हणायची, “हो.” कोण समजावत बसणार.

दरवर्षी मार्चमध्ये प्रात्यक्षिकाची परीक्षा असे. नंबर घातलेल्या बाटल्यांत नाव न लिहिलेली अमिनो आम्लं ठेवायची. मुलांनी एकेक परीक्षा करून, रंग बघून, शेपूट ओळखायची आणि नाव लिहायचं. बाटल्या भरायचं काम बिलकिसचं. कुठल्या नंबरात काय आहे हे तिला आणि सरोजिनीबाईंना माहीत असे, तिसऱ्या कुणाला नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतले शिपाई परीक्षेत मुलांच्या कानात कुजबुजायचे, तशी रीतच होती. बिलकिसनं तेवीस वर्षांत ओठ हलवले नव्हते. मुलं तिला मागून कुलूपबाई म्हणत. तिला ठाऊक होतं आणि ते नाव तिला आवडत होतं.

सगळी द्रावणं ती आदल्या दिवशी करून ठेवी. फक्त सिस्टीनचं नाही. सिस्टीनच्या शेपटीच्या टोकाला गंधक असतो आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन. हवा लागली, द्रावण जरा अल्कलीकडे झुकलं, की तो हायड्रोजन सुटतो आणि दोन रेणू गंधकाला गंधक लावून एकमेकांना जोडले जातात. जोडले गेले की मोकळी शेपूट उरत नाही, आणि मग नायट्रोप्रुसाईड घातलं तर लाल-जांभळा रंग येत नाही. म्हणून सिस्टीन परीक्षेच्या तासभर आधी करायचं, ताजं. हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. एकदा फसून तिनंच तो घातला होता आणि पाळत आली होती.

यंदा परीक्षा मंगळवारी आली. त्याच संध्याकाळी अकबरसाहेबांच्या घरचे इफ्तारला येणार होते, लहानमोठी तेवीस माणसं. मंगळवारी पहाटे सहरी उरकून तिला मंडई गाठायची होती, फळं घेऊन घरी टाकायची होती, खिमा शिजत ठेवायचा होता आणि नऊच्या आत कॉलेजात पोहोचायचं होतं. सकाळी वेळ होणार नाही हे दिसतच होतं. सोमवारी संध्याकाळी, पहिल्या रोजाच्या थकव्यात, प्रयोगशाळा बंद करताना तिनं सिस्टीनही करून टाकलं. सात नंबर. आंबटपणा मारायला सोडा घालताना हात जरा जड पडला. बूच नीट बसत नव्हतं, तसंच ठेवलं. बाटली अर्धीच भरलेली होती.

मंगळवारी पावणेनऊला ती धापा टाकत पोहोचली तेव्हा बाटलीच्या बुडाशी पांढरं काहीतरी बसलेलं दिसलं. तिला वाटलं, पूड विरघळायची राहिली. थोडं आम्ल घातलं, ढवळलं, पाणी निवळ झालं. बाहेर मुलं रांगेत उभी होती. सात नंबर ज्या पाच जणांना जाणार होता त्यांच्यासाठी तिनं पाच परीक्षानळ्या भरल्या आणि दार उघडलं.

इफ्तार छान झाली. अकबरसाहेबांनी खिमा दोनदा घेतला आणि म्हणाले, “बिलकिसबाईंच्या नोकरीच्या फाईलीत तेवीस वर्षांत एक मेमो नाही. अशा घरात नातं जोडायचं म्हणजे डोळे मिटून जोडावं.” हुसेनची छाती फुगली. बिलकिसला त्या वेळी फक्त झोप येत होती.

बुधवारी तोंडी परीक्षा होती. दुपारी सगळं आटोपल्यावर ती नळावर काचेचं सामान विसळत असताना मैना आली. वारज्याच्या सर्जेराव बराट्यांची ही मुलगी. त्यांच्या शेताला लागून आता इमारती उठत होत्या, पण घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. तीन वर्षं ती पहिल्या रांगेत उभी राहून बर्नर लावायची, आणि बाटली वापरून झाली की बूच लावून जागेवर ठेवणारी तेवढी एकटीच होती.

“बाई, मी नापास झाले,” ती म्हणाली. रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

“कशात?”

“अनोळखी अमिनो आम्लात. बाहेरचे सर तोंडी परीक्षेत म्हणाले, रकाना कोरा कसा काय? निष्कर्ष नाही तर गुण नाहीत.”

“नंबर किती होता?”

“सात.”

बिलकिसनं नळ बंद केला.

“लेड ॲसिटेटला काळं आलं,” मैना सांगत होती. “म्हणजे गंधक हाय. पण नायट्रोप्रुसाईडला काहीच रंग नाही. तीनदा केलं मी. गंधक आहे पण मोकळी शेपूट नाही, असं लिहिलं. मग नाव काय लिहू? आम्हाला शिकवलेल्यात असं कुणी बसतच नव्हतं. म्हणून कोरं ठेवलं.”

“बाकीच्यांनी काय लिहिलं?”

“सिस्टीन. चौघांनी. ते म्हणतात, नळी नाकाशी धरली की कळतंय, वास येतो. वास मलाबी आला बाई. पण रंग नाही आला. त्यांनाबी आला नाही, बाहेर आल्यावर बोलले ते. त्यांनी पुस्तकातला रंग लिहिला.” ती थांबली. मग अगदी सरळ, शंका विचारावी तसं तिनं विचारलं, “माझं चुकलं ना? पुढच्या वेळी वास आला की रंग लिहून टाकीन. तेवढंच विचारायला आले होते, की असंच करतात का.”

“घरी जा, ऊन आहे,” एवढंच बिलकिस म्हणाली.

मुलगी गेल्यावर तिनं सात नंबरच्या बाटलीतलं उरलेलं पाणी एका नळीत ओतलं. नायट्रोप्रुसाईड, वर अमोनियाचे थेंब. पाणी पिवळट राहिलं, बस. मंगळवारी बुडाशी बसलेलं ते पांढरं म्हणजे जोडले गेलेले रेणू होते. मग तिनं कपाटातून सिस्टीनची पूड काढली, ताजं द्रावण केलं, दुसऱ्या नळीत तेच केलं. लाल-जांभळा रंग असा चढला की रोजाच्या उपाशी डोळ्यांना तो खुपला. दोन्ही नळ्या स्टँडवर शेजारी शेजारी ठेवून ती स्टुलावर बसून राहिली. मुलीनं अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं. त्या खोलीत पाच जणांपैकी एकटीनं.

गुरुवारी सकाळी ती सरोजिनीबाईंकडे गेली. बाईंना निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि टेबलावर दोन शाखांचे गुणतक्ते पडले होते. शनिवारी सकाळी ते लिफाफ्यात घालून, लाख लावून विद्यापीठात जायचे होते. बिलकिसनं सगळं सांगितलं, आदल्या दिवशी द्रावण केलं इथपासून. सरोजिनीबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

“चौघांना रंग आला आहे, बिलकिसबाई. कागदावर आहे तसं.”

“आला नाही बाई. येणं शक्य नव्हतं.”

“म्हणजे चौघे खोटं बोलले असं लिहायचं, एका मुलीसाठी? पाचही जणांची परीक्षा पुन्हा घ्यायची, बाहेरचे परीक्षक पुन्हा बोलवायचे, विद्यापीठाला कारण द्यायचं. आणि चौकशीत पहिलं नाव कुणाचं येईल?”

“माझं.”

“यंदा प्रयोगशाळा प्रमुखाच्या जागेसाठी मी तुमचं नाव पाठवलंय. अकबरसाहेबांच्याच टेबलावर आहे ते.” बाईंनी चष्मा पुन्हा घातला. “हे बघा. तुम्ही तोंडी बोललात. मी ऐकलं नाही. लेखी आलं तर मला ते पुढे पाठवावंच लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत मी इथे आहे. आता जा, चेहरा बघा तुमचा, पडाल कुठे तरी.”

बाई वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. परतीच्या बसमध्ये उभ्या उभ्या बिलकिसनं विचार केला की आपणही थकलोच आहोत. हे थकवे एकमेकांना कसे सांभाळून घेतात बघा. सोमवारी आपल्या थकव्यानं एक नियम सोडला, बाहेरच्या परीक्षकाच्या थकव्यानं एक उत्तर वाचलं नाही, बाईंचा थकवा आता ऐकलं नाही म्हणतोय. कुणीच मुद्दाम काही केलेलं नाही. आणि वर्ष गेलं त्या मुलीचं. बायकांच्या राखीव जागेवर मंडईच्या थांब्यापर्यंत एक कॉलेजकुमार बसून राहिला होता, उतरताना म्हणाला, “बसा ना आजी.”

आणि आता पपई चिरून झाली होती आणि हुसेनचं अजून संपलं नव्हतं.

“एक वर्ष,” तो म्हणाला. “एक वर्ष म्हणजे काय गं? ऑक्टोबरात पुन्हा बसेल ती. मीसुद्धा मॅट्रिकला दोनदा बसलो. मेलो?”

“तुम्ही अभ्यास केला नव्हता म्हणून बसलात.”

“बरं, ते जाऊ दे. अकबरसाहेबांचं बघ. त्यांच्या हातून लिफाफा जाणार. तुझा कागद त्यांच्याच टेबलावर येणार. होणाऱ्या विहिणीचा मेमो त्यांनीच टाईप करायचा? शुक्रवारी मेमो आणि रविवारी साखर? काय तोंडानं भरवतील?”

“त्यांनी नातं मेमो नाही म्हणून जोडलंय का?”

“तू ऐकलंस ना त्यांना? त्यांनी खिमा खाता खाता तेच सांगितलं!”

नसीमनं सुई दुपट्ट्यात टोचून ठेवली. “अम्मी, मी विचारू का एक? ती मुलगी तुझी कोण लागते?”

“कुणी नाही.”

“आणि मी?”

बिलकिसनं तिच्याकडे बघितलं. नसीम बी. कॉम. होती, दोन वर्षं घरी बसून होती, तीन स्थळं परत गेली होती. पहिल्या स्थळवाल्यांनी बिलकिसच्या बोटांकडे बघून विचारलं होतं, हा काही रोग आहे का. मुलीनं ते लक्षात ठेवलं होतं आणि आईनंही. नसीमचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला उत्तर असायला हवं होतं.

“तुझ्यासाठीच तर मी सोमवारी ती बाटली भरली,” बिलकिस म्हणाली.

“मी सांगितलं होतं का?”

“नाही. कुणीच काही सांगत नाही मला. सगळं मीच माझं समजून करते.”

“मग हेही समजून घे ना,” नसीम म्हणाली. “फक्त गप्प बसायचंय. तुला ते येतं. तेवीस वर्षं तेच केलंस.”

मुलीनं हुसेनपेक्षा नेमकं बोट ठेवलं होतं, आणि ते त्यालाही सोसवेना. तो उठून खिडकीशी गेला आणि छातीवर हात ठेवून श्वास घेत राहिला.

बिलकिसनं फोडी ताटात लावल्या. खजूर मांडले, सरबताचं भांडं पाण्यात ठेवलं. हात चालत होते. तेवीस वर्षं ती परीक्षेत गप्प बसली ती मुलांनी स्वतः बघावं, बघून लिहावं म्हणून. त्या गप्प बसण्याला काही अर्थ होता. आज तिला गप्प बसायला सांगत होते, शब्द तोच होता. पण काल ती मुलगी नळापाशी उभी राहून विचारत होती, असंच करतात का. शनिवारी लाख लागली की त्या मुलीला उत्तर मिळणार होतं, आणि ते बिलकिसच्या हातचं असणार होतं. पुढं ती मुलगी कुठं शिकवेल, कुठल्या दवाखान्यात रक्त तपासेल, आणि वास आला की रंग लिहून टाकेल.

अकबरसाहेब काय करतील हे तिला खरंच माहीत नव्हतं. भले माणूस होते. पण भल्या माणसांनीही तीन स्थळं परत नेली होती. नसीम कदाचित तिच्याशी बोलणार नाही, आणि महिना-दोन महिने नाही, पुष्कळ दिवस. प्रमुखाची जागा जाईल. निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना फाईलीत पहिला मेमो लागेल. हे सगळं तिनं एकदा शांतपणे मनात फिरवलं, आणि त्यातलं एकही तिला खोटं वाटलं नाही.

अजान झाली. तिघांनी खजूर तोंडात घातला. नसीमनं दुसरा घेतला नाही. हुसेननं पाण्याचा पेला बिलकिसकडे सरकवला, सवयीनं. तिनं तो सगळा प्यायला, खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

“मी उद्या सकाळी कॉलेजात लेखी देणार आहे,” ती म्हणाली. “सात नंबर मी आदल्या दिवशी केलं होतं, त्यात रंग येणं शक्य नव्हतं, आणि मैना बराटेनं लिहिलंय तेच बरोबर आहे. अकबरसाहेबांना कागद द्यायच्या आधी तोंडी मीच सांगेन. रविवारी ते आले तर स्वयंपाक करीन, नाही आले तर नाही.”

हुसेननं तोंड उघडलं.

“ठरलंय,” बिलकिस म्हणाली. “जेवून घ्या.”